तीन झाकणं सॉफ्टनर

मंगळवार, ६ मे
आजपासून शांत राहायचं. डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर मॅचवर अवलंबून ठेवणार असाल तर माझ्या गोळ्यांचा काय उपयोग? रविवारी आपल्या गावच्या फुटबॉल टीमची सीझनमधली शेवटची मॅच. ड्रॉ झाली तरी आपण वाचतो. हरलो तर एकतीस वर्षांत पहिल्यांदा खालच्या डिव्हिजनमध्ये. पण हरणार नाही. मी शांत आहे.
ता. क. शांतपणे इस्त्री करताना एका गिऱ्हाइकाची पँट जळली. मागच्या बाजूला. त्याला दिसणार नाही.

बुधवार, ७ मे
टीमचे कपडे आले. अकरा वर्षं ते माझ्याच लाँड्रीत येतात. लोक म्हणतात, प्रेक्षक हाच बारावा खेळाडू. साफ चूक. बारावा खेळाडू मी. पुरावा: तीन आठवड्यांपूर्वी मी नवं सॉफ्टनर आणलं, लव्हेंडरच्या वासाचं. तेव्हापासून टीम एकही मॅच हरलेली नाही. बाटलीवर लिहिलंय, सुगंध सात धुण्यांपर्यंत टिकतो. कंपन्या काय, काहीही छापतात.
रविवारसाठी डबल सॉफ्टनर वापरायचं ठरवलं. ही म्हणाली, शर्ट मऊ झाला की गोल कसा अडतो ते जरा समजावून सांगा. हिला फुटबॉल कळत नाही.

गुरुवार, ८ मे
आपला गोलकीपर स्वतः दुकानात आला! सगळे त्याला ‘खांब’ म्हणतात, कारण गोलला दोन खांब असतात आणि तिसरा हा. वय अडतीस. ग्लव्हजच्या दोन्ही जोड्या काउंटरवर ठेवल्या. एरवी तो त्या घरी स्वतःच्या हाताने धुतो, कुणाला हात लावू देत नाही. या आठवड्यात बोट दुखावलंय, पिळता येत नाही. म्हणाला, फक्त साधं पाणी. साबण नको, काही नको. दोनदा म्हणाला. मग म्हणाला, तुमच्यावर भरवसा आहे.
मी ग्लव्हज छातीशी धरून उभा राहिलो. ही म्हणाली, अहो, पावती द्या त्यांना.

शुक्रवार, ९ मे
साधं पाणी! भिडस्त माणूस. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास नको, म्हणून म्हणाला असणार. एवढी मोठी मॅच आणि ग्लव्हजना नुसतं पाणी? माझ्या मनाला पटेना.
दोन्ही जोड्यांना तीन-तीन झाकणं. दुपारभर भिजवल्या. तळव्यांना काहीतरी चिकट लागलं होतं, किती वर्षांचं कोण जाणे. घासघासून काढलं. आता असे मऊ झालेत की लहान बाळाला घालावेत. हिला सांगितलं नाही. कामाचा गाजावाजा करणं माझ्या स्वभावात नाही.

शनिवार, १० मे
एकाच गिऱ्हाइकाला दोनदा उरलेली चिल्लर परत दिली. मेहुणा दोन तिकिटं घेऊन आला. ठाम नकार दिला. उद्या घरी बसायचं, टीव्ही बंद, फोन बंद. माझं काम मी केलंय. निर्णय पक्का.

रविवार, ११ मे
दुपारी ३.२०. स्टेडियममध्ये. मेहुण्याला एकट्याला कसं सोडणार?

४.१२. ०–०. साधा बॉल खांबच्या हातातून सटकला, दुसऱ्या झटक्यात धरला. मुद्दाम. समोरच्याला गाफील ठेवण्याची युक्ती.

४.३०. पुन्हा सटकला. कॉर्नर. मेहुणा म्हणाला, आज याच्या हाताला झालंय काय? त्याला गप्प बसवलं. माझी छाती धडधडतेय, पण मी शांत आहे.

४.४१. खांब ग्लव्हजवर थुंकला, मग ते मातीत घासले. मला बरं वाटलं नाही. एवढे स्वच्छ धुतलेले.

५.०५. दुसरा हाफ. खांबने जोडी बदलली. शाबास! तीही मीच धुतलीय. आता काळजी नको.

५.२२. अजून ०–०. खांबने ग्लव्हज नाकाशी नेले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. प्रार्थना करत असावा. मेहुण्याने माझा दंड इतका घट्ट धरलाय की वळ उठणार.

५.४०. पाच मिनिटं. फक्त पाच. देवा, उद्यापासून चहा सोडतो. भांडण सोडतो. त्या पँटवाल्याला नवी पँट घेऊन देतो.

५.४४. उंच बॉल आला. सोपा. शाळेतल्या पोरानेही धरला असता. खांबने दोन्ही हातांत धरला. मी स्वतः पाहिलं, धरला होता. आणि साबणाच्या वडीसारखा निसटून मागे गेला.
०–१.

संध्याकाळी ७.३०. कारणं: एक, रेफरी. दोन, वारा. तीन, खांबचं वय. चार, मेहुण्याने ऐन वेळी शेंगदाणे खाल्ले. मला रडू आलं. डोळ्यांत धूळ गेली असं सांगितलं.

सोमवार, १२ मे
पेपरात खांबचा फोटो, वर मोठ्या अक्षरांत ‘लोण्याचे हात’. तो म्हणालाय, चूक माझी, हात म्हातारे झाले, मी खेळणं सोडतोय.
ही पेपर वाचून आत गेली, सॉफ्टनरची बाटली आणून माझ्यासमोर उलटी धरली. एक थेंब पडला. जेवायला वाढलं नाही.

मंगळवार, १३ मे
सकाळी टीमचे कपडे आले, त्यात ग्लव्हजच्या दोन्ही जोड्या होत्या. साध्या पाण्यात धुतल्या. पुन्हा धुतल्या. सात वेळा. वास जात नाही. कंपनीने खरंच छापलं होतं.
संध्याकाळी त्या घेऊन त्याच्या घरी गेलो. जिन्यात भाषण पाठ केलं, त्यात वाराही होता आणि रेफरीही. दार उघडल्यावर तोंडातून एवढंच निघालं, की तीन झाकणं घातली होती.
तो म्हणाला, माहीत आहे. दुसऱ्या हाफला वास घेतला तेव्हाच कळलं. मी विचारलं, मग पेपरवाल्यांना का नाही सांगितलं? तो म्हणाला, सांगितलं असतं तर तुम्हाला या गावात दुकान उघडता आलं असतं का? मी तर तसाही सोडणारच होतो, वर्षभराने.
मग त्याने मला चहा दिला. चहा सोडायचं ठरलं होतं. प्यालो.
घरी आल्यावर हिने विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, चहा दिला. मग वहीतलं बुधवारचं पान काढून वाचलं. बारावा खेळाडू मीच होतो, त्यात खोटं काही नाही. फक्त रविवारी मी समोरच्या टीमकडून खेळलो.