आमची शिक्षा, जन्मभराची!

२ जून, सोमवार
ऑफिसात बॉसने, दिवाकरजींनी, आज ही डायरी दिली. क्लायंटच्या गिफ्टमधली उरलेली, पानं कोरी. इंदुरी थाटात म्हणाले, भिया, क्रिएटिव्ह माणसाने रोज एक ऑब्झर्व्हेशन लिहावं. तर ऑब्झर्व्हेशन: जूनमध्ये डायरी सुरू केली की पाच महिने फुकटात लिहून होतात.

माझी माहिती. भूषण, वय चोवीस, ज्युनिअर कॉपीरायटर. शिक्षा बी.कॉम. सेकंड इयरपर्यंत. पुढे फिरलो. मांडूत हॉटेलच्या काउंटरवर बसलो, एका यूट्यूबरच्या मागे छत्री धरून चाललो, उज्जैनला काय केलं ते आठवत नाही. एजन्सीत पाच महिने झाले. ३० जूनला पर्मनंटचं ठरणार. नाही झालं तर दुसऱ्या दिवसापासून सियागंजात अरविंदकाकांच्या हार्डवेअरच्या दुकानी बसायचं, असं बाबांनी सांगून ठेवलंय. मी म्हटलं, होणारच आहे. बाबा पेपर वाचत होते.

४ जून, बुधवार, सकाळी ११
मोठं काम. आपल्या इंदूरची दीपशिखर क्लासेस नागपुरात ब्रँच उघडतेय. अकरा होर्डिंग्ज, सगळी मराठीत. ऑफिसात मराठी माणूस मी एकटा. दिवाकरजींनी विचारलं, मराठी लिहिता येते ना? मी म्हटलं, मदर टंग आहे, डोळे मिटून लिहीन.

हिंदी लाईन त्यांचीच होती. हमारी शिक्षा, उम्र भर की. मी केलं: आमची शिक्षा, जन्मभराची! चाळीस सेकंद लागले, त्यातले तीस उद्गारचिन्ह द्यायचं की नाही यात गेले. खालची लाईन: तुमच्या मुलाच्या प्रत्येक चेष्टेत आम्ही सोबत.

डिझायनर मितालीला मराठीचं अक्षर येत नाही, घरी हिंदी. तरी दोन्ही लाईनी तिला एका झटक्यात समजल्या. चांगल्या मराठीची हीच निशाणी.

दुपारी ४
एक फॉर्म आला. भाषेच्या जाणकाराने लाईनी वाचून ठीक आहेत असं कळवायचं. त्याचं नाव आणि सही. इंदुमती आत्या चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवायची. तिला व्हॉट्सअॅप केलं.

५ जून, गुरुवार
आत्याचा व्हॉइस मेसेज आला. तीन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद.

ऑब्झर्व्हेशन: आज माणूस तीन सेकंदांत पुढे सरकतो. दोन लाईनींवर कुणाला पावणेचार मिनिटं बोलावंसं वाटणं म्हणजे एंगेजमेंट. नाराज माणूस एवढं बोलत नाही. नाराज माणूस ओके लिहितो. मितालीला सांगितलं की आत्याला फार आवडलं. मिताली म्हणाली, काय बोलल्या? मी म्हटलं, पुष्कळ.

संध्याकाळी ऐकतो.

८ जून, रविवार
ठरवलं की मेसेज ऐकण्यापेक्षा सरळ आत्याकडे परदेशीपुऱ्याला जावं, फॉर्मवर सही घ्यावी. साडेसातला निघालो. कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी, गाणं लावून. बायका डबे घेऊन धावत होत्या. मला एकदम क्लिक झालं. या शहरात एवढा रिकॉल कुठल्याच ब्रँडला नाही. लोक झोपेतून उठतात, चपला उलट्या घालतात, पण येतात. गाडीच्या मागे तीन गल्ल्या गेलो, नोट्स घेत. ड्रायव्हरने विचारलं की ओला की सुका. त्याला सांगितलं, मी अॅडव्हर्टायझिंगमध्ये आहे. तो म्हणाला, मग सुका.

मग पोहे. मग उशीर झाला. परत आलो.

११ जून, बुधवार
उद्यापासून: १. सहाला उठणं. २. आत्याचा मेसेज. ३. रोज एक रील. ४. इंग्लिश. तीन नंबर आजच सुरू केला. माझ्या पेजवर मी स्वतः, ब्रँड म्हणजे काय यावर. एकसष्ट व्ह्यूज. चाळीस माझे, आवाज बरोबर आलाय का ते बघण्यात गेले. बाकी एकवीस ऑरगॅनिक.

१४ जून, शनिवार
दिवाकरजींनी फॉर्म मागितला. म्हणाले, सोमवारी छपाईला जातंय, मॅडमनी बघितलं ना नक्की? मी म्हटलं, एकेका शब्दावर बोलल्या.

दुपारी खरंच आत्याकडे निघालो होतो. लालबागेत मेळा लागला होता. एक माणूस माइकवर भाजी कापायचं यंत्र विकत होता. दोन तास उभा राहिलो. एकही यंत्र विकलं गेलं नाही, पण गर्दी हलली नाही. यात काहीतरी मोठं आहे. काय ते नंतर लिहीन.

तिथेच पायरीवर बसून फॉर्म भरला. श्रीमती इंदुमती, एम.ए. मराठी. सही मी केली. तिची सही सोपी आहे, शाळेच्या रिझल्टवर लहानपणी पाहिलीय. आवडलं तर तिला आहेच. फॉर्मॅलिटी.

१७ जून, मंगळवार
वरच्या मजल्यावर सॉफ्टवेअर कंपनी आहे. तिथली श्रेया, सांगलीची, नवीन आलीय. चहाच्या ठेल्यावर तिला मोबाईलवर डिझाइन दाखवलं. ती वाचता वाचता हसायला लागली. चहा नाकातून आला. टिश्यू दिला. तिने विचारलं की हे मुद्दाम आहे ना? मी म्हटलं, आपण सगळं मुद्दामच करतो. ती म्हणाली, खरंच असं लागणार नागपुरात? मी म्हटलं, शुक्रवारी. ती म्हणाली, धाडसी आहात बाबा तुम्ही लोक.

ऑब्झर्व्हेशन: खऱ्या मराठी ऑडियन्सशी इमोशनल कनेक्ट झाला. आणि तिला मी आवडतो, असं वाटतं.

२० जून, शुक्रवार
अकराही होर्डिंग्ज लागली. नागपूरहून फोटो आले. माझं मराठी, चाळीस फूट रुंद. आईला दाखवलं. तिचा चष्मा सापडत नव्हता. लांबूनच छान म्हणाली.

२१ जून, शनिवार, सकाळी ९
व्हायरल. मी सांगितलं होतं.

सकाळी १०
एकाने आमच्या फोटोखाली विचारलंय, जामीन मिळतो का. दुसरा म्हणतो, वर्तणूक चांगली असेल तर सुट्टी लवकर लागते का. तिसऱ्याने क्लासच्या खिडक्यांना गज काढलेत. चौथा म्हणतो, आमच्या पोराची चेष्टा आम्ही घरीच करतो, फी कशाला भरू. नागपूरचा ह्यूमर वेगळाय. एक लाख व्ह्यूज.

दुपारी ३
चार लाख. मिताली मला बघून उठून पँट्रीत गेली.

२२ जून, रविवार
आईला चष्मा सापडला. ती बराच वेळ मोबाईल धरून बसली. मग म्हणाली, अरे, शिक्षा नाही रे, शिक्षण. तुला लहानपणी शिक्षा कधी केलीच नाही, तीच चूक झाली. मग म्हणाली, लोक चेष्टा करतायत रे तुझी.

मी म्हटलं, करू दे. मग तो शब्द परत डोक्यात आला. चेष्टा. मग खालची लाईन आठवली. थोडा वेळ पंख्याकडे बघितलं. पंखा चालू होता.

ऑब्झर्व्हेशन: हिंदीत दोन्ही शब्द बरोबर आहेत. हिंदी मार्केट मोठं आहे.

२३ जून, सोमवार
मीटिंग. क्लायंट स्पीकरवर. त्यांनी सांगितलं की नागपुरात अॅडमिशन एक आली होती, तीही परत गेली. मी म्हटलं, पण अवेअरनेस? अकरा होर्डिंग्ज आज उतरतायत.

दिवाकरजींनी फॉर्म काढला. या एम.ए. मराठी मॅडम कोण, नंबर द्या. मी म्हटलं, त्या गावी गेल्यात, रेंज नाही. ते म्हणाले, नंबर तर असेल. लिहून दिला. शेवटचा आकडा चुकीचा लिहायचं मनात आलं होतं, पण हात आपोआप बरोबर लिहून गेला.

घरी येऊन मेसेज उघडला. तीन अठ्ठेचाळीस. बघत बसलो. मग एक रील लागलं, कुणीतरी साबणाची वडी सुरीने कापत होतं. एक तास.

२६ जून, गुरुवार
दिवाकरजी आत्याशी वीस मिनिटं बोलले. काचेच्या केबिनमधून दिसत होते. आधी उभे होते, मग बसले.

नंतर मितालीने सांगितलं. आत्याला सहीचं विचारलं तेव्हा ती म्हणाली की हो, सही माझीच. लाईनींबद्दल मी सविस्तर बोलून पाठवलं होतं, पण नेट खराब असेल, पोरापर्यंत पोहोचलं नसेल. चूक माझी, मी फोन करायला हवा होता. चौतीस वर्षं शिकवलं आणि एवढं कळलं नाही मला. असं म्हणून तिने दिवाकरजींची माफी मागितली.

मितालीने मला विचारलं की पोहोचलं नव्हतं का? मी म्हटलं, नेटचा प्रॉब्लेम आहेच आमच्याकडे.

जेवण गेलं नाही. मग गेलं.

३० जून, सोमवार
दिवाकरजींनी बसवून चहा दिला. म्हणाले, भिया, तू माणूस चांगला आहेस. एजन्सीत ही लाईन कुणासाठी वापरतात ते मला माहीत आहे. डायरी परत मागतील वाटलं, मागितली नाही.

बाबांनी टिफिन कुठला न्यायचा ते विचारलं.

३ जुलै, गुरुवार, दुपारी १, सियागंज
काका मला कब्जे मोजायला देतात. नागपूरचा व्यापारी आला की बिजागरी म्हणायचं, असं मुद्दाम सांगितलंय. शंभराचं एक पाकीट. काल एका पाकिटात सत्त्याण्णव भरले, दुसऱ्यात एकशे सहा. काका म्हणाले, रील बघणं बंद कर.

गिऱ्हाईक नव्हतं. आत्याचा मेसेज लावला. दुप्पट स्पीडवर.

आधी विचारते की जेवलास का. मग म्हणते, तू मराठीत लिहितोस हे ऐकून बरं वाटलं, शेजारी सगळ्यांना सांगितलं. मग म्हणते, बाळा, शिक्षा म्हणजे आपल्यात सजा. शिक्षण लिही. चेष्टा म्हणजे टिंगल. प्रयत्न लिही. मग दोन्ही लाईनी सावकाश सांगते, दोन दोनदा, शुद्धलेखन घालतात तशा. आमचं, शिक्षण, जन्मभराचं. उद्गारचिन्ह मात्र छान दिलंयस म्हणते. छापायच्या आधी एक फोन कर, मी घरीच आहे. इथे तिचं संपतं, पण मेसेज संपत नाही. तिला बंद करता आलं नाही. कुकरची एक शिट्टी. मग लांबून तिचा आवाज, स्वतःशीच, गेलं का ते.

एक अंगठा पाठवला.

लगेच निळं झालं. काही तरी रेकॉर्ड होतंय असं दिसत राहिलं. कब्जे मोजले. मग आला. पाच मिनिटं बारा सेकंद.

संध्याकाळी ऐकतो.