दोन बॉल मावत नाहीत

नांदेड, रविवार संध्याकाळ

लातूरला पूल टेबलावर माझा नेम सगळे वाखाणतात. त्याच तोऱ्यात आज ताईच्या नवऱ्यासोबत इथं खेळायला गेलो. बॉल पडायचं भोक, म्हणजे पॉकेट, किती रुंद आहे ते कळावं म्हणून दाजींनी आधी कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडात दोन बॉल शेजारी ठेवून बघितले. मावले नाहीत. आमच्याकडे लातूरला दोन मावून वर बोटभर जागा उरते! मी जोरात मारलेला प्रत्येक बॉल पॉकेटच्या दोन्ही कडांवर आपटून बाहेर. दाजी म्हणाले, "लई जोर लावून राहिलास. हळू सोड, कडेला लागला तरी आत जातो."

त्यांचा शेवटचा काळा बॉल खरंच कडेला टेकला, थांबल्यासारखा झाला आणि पडला. काय देखणं! हरलो, पण चिडायचं सुचलंच नाही. दोन बॉल न मावणारं ते तोंड अजून डोळ्यांपुढं आहे. मग लातूरला सगळे वाखाणतात ते कुणाला? मला, की तिथल्या पॉकेटला?