काळ्या कागदाची पुडी

मंगळवार, संध्याकाळ. जानेफळहून परत.

डोकं अजून तापलेलंच आहे.

गेल्या वर्षी नसीमखालांच्या हातावरचं गजकर्ण खरवडून मी काळ्या कागदाच्या पुडीत तपासायला नेलं होतं. आज दुसरा नमुना घ्यायला गेले, तर खाला ओसरीत एकट्या. खाट वेगळी, ताट वेगळं. टॉवेल वेगळा ठेवा ना, ताट कशाला?

सून म्हणाली, "डॉक्टरसाहेब म्हणते, अम्मी गोळ्या घेत नाहीत, साफ राहत नाहीत. मग लेकरू कसं देऊ अम्मीजवळ?"

साफ राहत नाहीत म्हणे! त्या पुडीतल्या बुरशीचं जनुक मी स्वतः तपासलंय. गोळी ज्या प्रथिनावर घाव घालते, ते प्रथिनच बदललंय. खालांनी पोतंभर गोळ्या खाल्ल्या असत्या तरी काय होणार होतं? दुसरी गोळी लागत होती, एवढंच. सुनेला सुनावलं. डॉक्टरला फोन लावून त्यालाही झाडलं.

खाला शांतपणे म्हणाल्या, "बेटा, हे तुले कवा समजलं?"

कधी? मागच्या उन्हाळ्यात. त्याच निकालाचं परिषदेत पोस्टर लावलं, बक्षीस घेतलं, फोटो काढले. पुडीवर मी नाव लिहिलंच नव्हतं, नुसता नंबर टाकला होता. नंबराला कोण निरोप धाडतं? वर्षभर खालांच्या मांडीवर नातू बसला नाही, आणि मी डॉक्टरला झाडतेय!

"मागच्या उन्हाळ्यात," मी सांगितलं. खालांनी बाही वर सारून हात पुढे केला.

"घे. या बारीले लवकर सांगजो."