चौथ्या गीताला गप्प राहिलेली पुढची चटई

प्रति,
मा. अध्यक्ष,
प्रभात मंडळी परिषद, पुणे विभाग.

विषय : छळ सोसलेल्यांसाठी इंदापूर येथे होणाऱ्या उपासनेतील चौथे गीत व दुसरे वाचन रद्द करण्याबाबत.
संदर्भ : गीत व वाचन निवड समितीची दि. ९ ऑगस्ट १९९७ रोजीची बैठक.

महोदय,

१. दि. ३ ऑगस्ट रोजी बारामती येथे याच हेतूने झालेल्या उपासनेत पाच गीते गायली गेली. चौथ्या गीताला, म्हणजे ‘पहाट आली डोंगरावरी’ला, स्त्रियांच्या बाजूची पुढची चटई, म्हणजे तिच्यावर बसणाऱ्या सर्वजणी, पूर्ण गप्प राहिली. गाण्यात बाकीच्या स्त्रिया याच चटईच्या मागे जातात. इतर चार गीते तिने मोकळ्या गळ्याने गायली.

२. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि उपासनेत पेटी वाजवतो. स्वर उंच लागला असावा, असे प्रथम वाटले. पुढच्या सरावाला तो उतरवून पाहिला, फरक पडला नाही. त्याच चालीचे दुसरे गीत दिले, ते सर्वांनी गायले. काटेवाडीच्या प्रार्थनासभेत मात्र ‘पहाट’ स्त्रियांनी झांजेवर दणक्यात म्हटले. गप्प राहिलेल्यांत समान धागा एकच आढळला : त्या सर्व आपल्या मंडळीने इंदापूरला चालवलेल्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये वाढल्या आहेत.

३. हे मी समितीपुढे मांडले. चिटणीस श्री. दत्तोबा रणपिसे म्हणाले, “मास्तर, नळावर ह्यांचा आवाज पार स्टँडपर्यंत जातोय, आन् देवापुढं बरा घसा बसतोय!” सभासद हसले. त्यानंतर ठरले ते असे : इंदापूरलाही हेच गीत घ्यावे; स्त्रियांना त्याचा सराव श्री. रणपिसे यांनीच द्यावा. दुसरे वाचन अपराध्याला क्षमा करण्याविषयीचे असावे, आणि ते इंदापूरच्या प्रयागबाई साळवे यांनी उभे राहून करावे. छळ करणाऱ्याला उद्देशून एकही वाचन समितीला सापडले नाही. शास्त्रात अशा वाचनांची टंचाई नाही, हे माझ्यासारख्या संशयी माणसालाही ठाऊक आहे. त्या बैठकीत घेतलेल्या चहाचीही मला आता किळस येते.

४. तरी विनंती की, सदर गीत व वाचन रद्द करावे, प्रयागबाईंना त्यांच्या इच्छेविरुद्ध उभे करू नये, आणि श्री. रणपिसे यांना समितीतून व त्या दिवशी उपासनागृहातूनही दूर ठेवावे. तसे न झाल्यास प्रयागबाई मंडळी कायमची सोडणार आहेत. पेटी मी वाजवणार नाही, पण ती बाब गौण आहे.

५. या विनंतीचे कारण मला पुढच्या चटईवरील सरुबाई पाटोळे यांनी सांगितले. त्यांच्या व प्रयागबाईंच्या संमतीने त्यांचेच शब्द देतो : “मास्तर, तुमी पेटी खाली घ्या न्हायतर वर घ्या, ते गाणं आमच्या तोंडातनं निघायचं न्हाय. प्रयागीला आत बोलावलं की आमाला व्हरांड्यात बसवून हेच म्हणायला लावायचे. झांज थांबली तर बघा म्हणायचे. ती बाहेर आली की तिलाबी आमच्यात बसून गायला लावायचे.” आणखी दोघींना मी वेगवेगळे विचारले. दोघींनी हेच सांगितले.

६. आपल्याकडे या गीताच्या शेवटी लय दुप्पट करतात, आणि गाण्याच्या पुढाऱ्याने हात वर करेपर्यंत ध्रुवपद थांबवायचे नाही अशी रीत आहे. बोर्डिंगमध्ये पुढारी खोलीत असे आणि दार बंद असे, त्यामुळे तो बाहेर येईपर्यंत मुलींना गाणे थांबवता येत नसे. श्री. दत्तोबा रणपिसे हे त्या बोर्डिंगचे अधीक्षक होते. ते आत मुलींना मारीत व त्यांच्यावर अत्याचार करीत, आणि त्यांचे ओरडणे रस्त्यावर ऐकू जाऊ नये म्हणून बाहेर हे गीत गाऊन घेत. पुढची चटई गप्प राहिली ती यामुळे.

आपल्या लेखी निर्णयाच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
(सही)
शमुवेल आबाजी कसबे
बारामती, दि. १२ ऑगस्ट १९९७