टेमा बंदरातला एबोमामांचा फ्रिज

टेमा (घाना), मंगळवार

तीर्थस्वरूप एबोमामांस फीफीचा वाकून नमस्कार. इकडे आई आणि मी खुशाल आहोत. हॅम्बुर्गला थंडी फार असेल, गुडघे सांभाळा. तुमची तब्येत ठणठणीत असल्याचं लगेच कळवा. पण फक्त मलाच कळवा, दुसऱ्या कुणाला नको. (का, ते पुढे येतंच आहे.)

माझ्या लग्नासाठी तुम्ही पाठवलेला फ्रिज बंदरात पोचला. तो अराबाच्या आईला द्यायचा, तिने त्यात सरबताच्या पिशव्या गार करून बाजारात विकायच्या आणि मुलगी मला द्यायची, इतका सरळ मामला होता. पण आपल्याकडे वापरलेला फ्रिज आणायला बंदी आहे, हे ना तुम्हाला ठाऊक, ना मला. क्लिअरिंग एजंट म्हणाला, "फॉर्मवर नवा म्हणून लिहा, कोण उघडून बघतंय?" मी लिहिलं. कस्टमच्या साहेबांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर उघडून बघितलं. (मामा, जागा म्हणून वाया घालवायची नाही हा आपल्या लोकांचा स्वभाव माझाही आहे, पण फ्रिजमध्ये जुने बूट, आठ शर्ट, एक पडदा आणि अर्धी संपलेली मोहरीच्या चटणीची बाटली?) साहेबांनी बाटली नाकाशी नेली आणि विचारलं, "काय हो, नवा फ्रिज वाटेत जेवला का?"

मी गडबडलो आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, हा माझ्या मामांचा. मामा वारले. भाचा म्हणून माझ्याकडे आला." आपल्या रीतीत मामाचं सगळं भाच्याकडेच जातं, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. साहेबांनी टोपी काढली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मीही थोडा रडलो (नाटक नव्हे, खरंच रडू आलं). मग साहेब म्हणाले, जिवंत माणसाचा जुना फ्रिज चालत नाही. मेलेल्याचा चालतो की नाही ते वर विचारावं लागेल, त्याला अर्ज हवा आणि अर्जावर घराण्याच्या कर्त्या पुरुषाची सही हवी. आता आपल्यात कर्ते पुरुष म्हणजे तुम्हीच. तेव्हा तुम्ही वारलात असं तुम्हीच लिहून द्यायचं, की तुमच्या जागी मी, की मी अर्जदार असल्यामुळे मी नाही, हे मला तीन खिडक्यांवर तीन तऱ्हांनी समजावलं गेलं आणि त्यातली एकही तऱ्हा आता आठवत नाही.

इथवर निभावलं असतं. पण गेल्या शनिवारी रीतीप्रमाणे दारूच्या दोन बाटल्या घेऊन आई आणि मी अराबाच्या घरी मागणी घालायला गेलो, तर मधल्या खुर्चीवर तेच साहेब! अराबाचे मामा. ताकोराडीहून नुकतेच बदलून आलेले, मी त्यांना आधी कधी पाहिलंच नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत ते उठले, तुमच्या नावाने जमिनीवर दारू शिंपडली आणि म्हणाले, "पोराच्या घरी दुखवटा आहे. मामाला नीट निरोप दिल्याशिवाय लग्नाचं नाव काढायचं नाही." महिनाअखेरच्या शनिवारी ते सगळे तुमच्या अंत्यविधीला आपल्याकडे येणार आहेत. आई शेजारीच होती. तिने डोक्यावरचं कापड पुढे ओढून घेतलं.

आपला आज्ञाधारक (आणि सध्या वारस) भाचा,
फीफी

ता. क. अंत्यविधीच्या पोस्टरसाठी टाय घातलेला एक बरा फोटो पाठवा. त्यात हसू नका. आणि लग्न होईपर्यंत कृपा करून इकडे कुणालाही फोन करू नका.

ता. ता. क. वरचं सगळं रद्द. पाकीट बंद करणार तेवढ्यात आई दिसली, दुखवट्याचं काळं-लाल कापड नेसून डोळे पुसत बसलेली. म्हटलं, "अगं, मामा जिवंत आहेत! कार्यक्रम महिनाअखेरीस आहे." तर म्हणाली, "अकरा वर्षं झाली भावाचं तोंड पाहून. फ्रिज येतो, पडदे येतात, तो येतो का? एवढी वर्षं मला रडायला कुणी निमित्तच दिलं नव्हतं रे." मामा, फोटो नको, तुम्हीच या. मी सगळ्यांसमोर खोटा ठरेन, अराबाचे मामा मला दारातूनच हाकलतील. हाकलू देत. तुम्ही या.