ताईची साइडकार

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्रास कारण की, मी वेल्डिंग मशीन घेतलंय. आधी खुर्चीत बस, मग पुढचं वाच.

एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुनं टिग वेल्डिंगचं मशीन मिळालं, बरोबर आर्गॉन वायूचं सिलिंडर. दोन्ही आता गॅरेजमध्ये माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी उभी आहेत. मला स्कूटरला साइडकार करायची आहे. तुझ्या भावोजींचा उजवा पाय काढून सात महिने झाले. तेवढ्या दिवसांत हे खिडकीजवळच्या खुर्चीतून उठले ते फक्त दवाखान्यात जायला. टॅक्सी नको, कारण टॅक्सीवाला कीव करतो. शेजाऱ्याची गाडी नको, कारण शेजारी त्याहून जास्त कीव करतो. तीस वर्षं बस चालवलेला माणूस आता पडदा कोणत्या बाजूला सरकवावा ह्यावर माझ्याशी वाद घालतो. एक तर ह्यांना घराबाहेर काढायचं, नाहीतर मी निघायचं. साइडकार सोपी वाटली.

हलकं म्हणून अ‍ॅल्युमिनियम घेतलं. काल पहिला जोड मारला. पत्रा बराच वेळ ढिम्म बसला आणि मग एकदम गळून खाली पडला. बशीएवढं भोक! ह्यांनी खिडकीतून विचारलं, चाळणी करतेयस का. तू जहाजांच्या कारखान्यात बावीस वर्षं हेच करतोयस, तर मला अगदी पहिल्यापासून सांग. शिवणाच्या वर्गात मी एकेका ठोंबीला कॉलर शिकवलीय, तेव्हा मला शिकवणं तुलाही जमेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, मान भाजलेली,
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मान भाजली हे सहीत सांगतात का? म्हणजे तू गाऊनवर वेल्डिंग केलंस. तो प्रकाश उन्हाचा बाप असतो, ताई. गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाड सुती सदरा, कातडी हातमोजे, तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा. हे अंगावर चढल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. गॅरेजचं दार उघडं ठेव, पण वारा थेट जोडावर नको, आर्गॉन उडून जातो.

आता पत्रा. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. अ‍ॅल्युमिनियम तुझ्यासारखं, चेहऱ्यावर काही दाखवत नाही आणि एकदम बिथरतं. त्याच्या अंगावर एक न दिसणारी साय असते. ती आतल्या धातूपेक्षा कितीतरी उशिरा वितळते. म्हणून आधी तेलकटपणा पूस, मग स्टेनलेसच्या ब्रशने घास. तो ब्रश चुकून लोखंडाला लागला तर टाकून दे. मशीन एसी करंटवर ठेव. पाऱ्यासारखं चकचकीत तळं दिसलं की जोड भरायच्या सळईचा थेंब द्यायचा आणि पुढे सरकायचं. रेंगाळलीस की चाळणी. आधी टाकाऊ तुकड्यांवर शंभर रेघा मार.

एक गोष्ट मात्र चेष्टेत सांगत नाही. चाक, लोखंडी सांगाडा आणि स्कूटरला जोडणारे दांडे तू करायचे नाहीत. ते जाणकाराकडून करून घे. तुझं काम फक्त वरची टोपली. टोपली फाटली तर हसं होईल. दांडा तुटला तर भावोजी रस्त्यावर, आणि उरले तर जन्मभर मला ऐकवतील.

दटावलं तरी जीव लावावा ही विनंती.
तुझा,
बारक्या

६ मार्च

चि. बारक्यास,
अ. आ.

शंभर नाही, एकशे साठ रेघा मारल्या. पहिल्या चाळीस कोंबडी नाचल्यासारख्या, आताच्या शिलाईच्या टिपेसारख्या. सांगाडा करून आला. मी कागदी नमुने कापून त्यावरून पत्रा बेतला. पत्र्याला साबण फासते, खालून आच देते आणि साबण काळपट झाला की थांबते. पत्रा मऊ होतो. मग वाळूच्या थैलीवर लाकडी मोगरीने ठोकते. मधे फुगवटा येतो, कडेला चुण्या पडतात, त्या मुरवायच्या. बाहीचा खांदाच की रे हा!

इथवर फुशारकी. काल पुढच्या नाकाचे दोन तुकडे जोडून ठोकायला घेतले, आणि जोड ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवला. तिसऱ्यांदा. मोगरी भिंतीवर फेकली आणि तिथेच बसून रडले. जोडासाठी नाही रडले. सकाळी ह्यांनी कपाटातले आपले सगळे बूट बाहेर काढायला लावले. म्हणाले, दोन पाय असलेल्या कुणालातरी देऊन टाक. आवाज असा की जणू रद्दी काढायची आहे. बारक्या, तूच येऊन कर ना हे.

तुझ्या आधाराची वाट पाहणारी,
ताई

१३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बुटांचं वाचलं आणि ताटावरून उठलो. तरी येणार नाही. मी आलो तर आठवड्यात टोपली होईल, आणि भावोजी म्हणतील की मेहुण्याच्या पिंजऱ्यात मी बसणार नाही. तू केलीस तर नाही म्हणायची त्यांची प्राज्ञा नाही.

जोड का उसवतो ते सांगतो. तू वापरतेयस ती सळई कडक जातीची आहे. जो जोड नंतर ठोकायचा, त्याला पत्र्याच्याच जातीची मऊ सळई लागते. दुसरं, शेवटाला मशीनच्या पेडलवरून पाय झटकन काढतेस ना? तिथे खळगा राहतो आणि चीर तिथूनच धावते. शेवटी एक थेंब जास्त दे आणि पाय हळूहळू उचल. गाठ न मारता दोरा तोडणाऱ्या मुलीला तू वर्गाबाहेर काढायचीस. आता स्वतःला काढ, आणि पाच मिनिटांनी परत आत घे.

रुसलीस तरी उत्तर धाडावंस.
तुझा,
बारक्या

९ एप्रिल

प्रिय मेहुणे बारक्या,
स. न. वि. वि.

माझं अक्षर बघून घाबरू नकोस, तुझी बहीण ठणठणीत आहे. मुखवटा घालून आत ठिणग्या पाडते आहे, म्हणून पत्र मी लिहितोय.

तुझी मऊ सळई लागू पडली, जोड टिकला. पण तिची ठोकाठोक ऐकवेना. दोन ठोके जोरात, एक फुसका, मग स्वतःशीच पुटपुट. इंजिनाचा बिघाड मी आवाजावरून ओळखायचो रे, हे किती दिवस सोसणार? एका दुपारी कुबड्या घेऊन खाली उतरलो, ते फक्त ओरडायला. तिने मोगरी माझ्या हातात दिली. बाईला ठोकता येत नाही. मला येतं. बसून करायचं काम आहे. आता जोड ती मारते आणि पत्रा मी गुळगुळीत करतो. रोज भांडतो. पडद्यावरून भांडायचो त्यापेक्षा बरं.

सांगाडेवाल्याने येऊन बोल्ट तपासून दिले आणि काल आम्ही निघालो. टोपली दिसते एखाद्या न्हाणीच्या टबासारखी. चौकात सिग्नलला शेजारी बस थांबली. ड्रायव्हर माझ्या हाताखाली शिकलेला. मी मान फिरवली, म्हटलं आता हा डोळ्यांत पाणी आणणार. तो खिडकीबाहेर लोंबकळून इतका हसला की मागचे उतारूही हसू लागले. त्याने ओरडून विचारलं, मास्तर, आंघोळ झाली का? मी त्याला अशी शिवी हासडली की तुझ्या बहिणीने कानच झाकले. सिग्नल हिरवा झाला तरी आमच्या दोन्ही गाड्या तिथेच!

एक तक्रार आहे. तुझी बहीण भयंकर चालवते. वळणावर समोर हातगाडी आली आणि मी कचकन ब्रेक दाबला. उजव्या पायाने. नसलेल्या. तिने पाहिलं. मला वाटलं आता रडारड होणार. घरी आल्यावर म्हणाली, जागा नीट दाखवा, पेडल कुठे हवंय. मी सांगितलं, जरा डावीकडे घे, आता दाबायला डावाच आहे. कशालाही जोडलेलं नसलं तरी चालेल. आत त्याचंच वेल्डिंग चालू आहे.

हसू येईल तेवढं हस, आणि तसाच राहा.
तुझा,
भावोजी