मातीत न शिरलेल्या आऱ्या

प्रिय धाकटे,

देवाच्या कृपेने इकडे सगळे बरे आहेत. माझं अक्षर पाहून तू दचकशील. चार महिन्यांत मोठ्या जावेने जिवंत आहात का म्हणून विचारलं नाही, आणि आता पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. येऊ दे. या खेपेला संशय घ्यायचा हक्क तुझा आहे.

शेंगा काढल्या त्या आठवड्यापासून सांगते. भुईमूग असा गडद हिरवा होता की माझीच दृष्ट लागावी. बांधावर उभी राहून मी देवाला हात जोडले. आणि पोती भरली ती अकरा. गेल्या वर्षी त्याच रानात अठ्ठावीस. वर एवढा पाला आणि खाली एवढंच? शेंगा तोडून, वाळवून, पोत्यांची तोंडं शिवेपर्यंत रानात मुक्कामाला होते भाऊजी. मग सतरा पोती गेली कुठे, याचं उत्तर मला फार सोपं वाटलं.

त्यानंतर मी काय काय केलं, ते तुला माहीत नाही. रानाच्या वाटेवर चाकांचे माग आहेत का, ते पाहिलं. टेम्पोवाल्याच्या बायकोशी उगाच अर्धा तास गप्पा मारल्या. तुझ्याकडे चाळण मागायला आले होते, आठवतं? आमच्याकडे दोन चाळण्या आहेत. तू चहा ठेवायला वळलीस तेवढ्यात मी पलंगाखाली वाकले, पेटीमागे हात घातला. हाताला लागली एक मोडकी छत्री. दुसरी एखादी ओशाळली असती. मी मनात म्हटलं, लपवावं तर असं. तू नवी साडी नेसलीस की ती कशातून आली, याचा विचार करायचे. जुनी नेसलीस की वाटायचं, दाखवण्यासाठी नेसली आहे.

शेवटी भाऊजींना देवघरापाशी बोलावलं आणि देवावर हात ठेवून शपथ घ्या म्हटलं. ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

“वहिनी, शेंगांसाठी मी देवाला साक्षीला उभं करणार नाही,” एवढंच म्हणाले आणि चपला घालून गेले.

मी दोन वेळा दिवा लावणारी बाई, पण त्यांच्या बोलण्यातली भक्ती मला दिसली नाही. मी ती कबुलीच धरली आणि ह्यांना तसं सांगितलं. पुढचं तू भोगलंस. ह्यांनी भाऊजींकडून रान काढून घेतलं, आणि तुम्ही दोघं तेलगिरणीमागच्या त्या एका खोलीत राहायला गेलात.

परवा गाईला भुईमुगाचा वाळका पाला टाकत होते. एक झाड हातात उलटं आलं. फूल गळून गेलं की त्याच्या जागेवरून दोऱ्यासारखी आरी खाली उतरते, मातीत शिरते आणि तिथे तिची शेंग होते, हे तुला मी काय सांगायचं? या झाडाला अशा तेवीस आऱ्या होत्या. त्यांतल्या एकोणीस अधांतरी लोंबत होत्या, टोकं काळी, सुकलेली. मातीपर्यंत पोचून शिरता न आलेल्या. मी दुसरं झाड उचललं, तिसरं उचललं. गाय हंबरत राहिली आणि मी गोठ्यात बसून गंजी उपसत होते. चोरलेली शेंग देठाशी तुटल्याची खूण ठेवते. इथे शेंग धरलीच नव्हती. साठवणीतल्या शेंगाही फोडून पाहिल्या. निम्म्या पोचट, उरलेल्यांत एकेक सुरकुतलेला दाणा.

मग मी माझी वही काढली. विहिरीवरची मोटार कोणत्या दिवशी चालली, तेही मी लिहून ठेवते. फुलं येण्याआधी भाऊजी दरवर्षी आठ दिवस पाणी तोडतात, म्हणजे फुलं एकदम धरतात. यंदाही तोडलं. नवव्या दिवशी ते मोटारघराची किल्ली मागायला आले. मी दिली नाही. झाडं सकाळी ताठ असतात, दुपारी जरा माना टाकतात, तेवढ्यासाठी विहीर उपसायची का, असं विचारलं. दहा दिवसांनी पुन्हा आले. म्हणाले, आऱ्या सुटल्यात आणि माती दगड झाली आहे. मला वाटलं, शेजारच्या तुकड्यातल्या तुमच्या भेंडीला पाणी हवंय म्हणून ही सगळी कळकळ. एकवीस दिवस किल्ली माझ्या कमरेला होती. पुढे पाणी सोडलं, पाऊसही झाला, पाला तरारून आला. पण उशिरा सुटलेल्या आऱ्यांना शेंग भरायला दिवसच उरले नव्हते. मी मात्र तो पाला पाहून देवाचे आभार मानत होते.

आता हे पत्र का, ते सांगते. काल मी ह्यांच्यापुढे ती झाडं आणि वही ठेवली आणि सगळं सांगितलं. ते जेवले नाहीत. रविवारी ते तुमच्याकडे येत आहेत. त्यांचा स्वभाव तू जाणतेस. ते बियाण्याचं बोलतील, पेरणीचं बोलतील आणि झालं गेलं विसरा म्हणून मोकळे होतील. तसं होऊ देऊ नकोस. ते यायच्या आधी हे पत्र भाऊजींना वाचून दाखव, चाळणीपासून सगळं. भाऊजींनी काही चोरलं नव्हतं. पीक मी मारलं, आणि चोर त्यांना ठरवलं. हे मी गावच्या चार माणसांसमोरही बोलणार आहे, तुम्ही परत या किंवा येऊ नका. रविवारी दार उघडायचं की नाही, ते वाचून झाल्यावर ठरवा.

तुझ्या पलंगाखाली वाकलेली,
तुझीच मोठी जाऊ